हवेचे पैसे

फेस देणारा हँडवॉश म्हणजे गिऱ्हाइकाला हवा विकण्याचा प्रकार आहे, असं माझं ठाम मत होतं. ते मी नुसतं मनात ठेवलं नव्हतं. जावेला, शेजारणींना, भिशीतल्या मैत्रिणींना दुकानाच्या फळीसमोर उभ्या उभ्या सांगितलं होतं. आज माझ्या घरी बेसिनपाशी आणि मोरीत, दोन्हीकडे फेसाचीच बाटली आहे. ज्या हिशेबाच्या जोरावर मी विरोध करत होते, त्याच हिशेबाने माझं मत बदललं. म्हणून तो सगळा इथे मांडावासा वाटतो.

माझ्या जुन्या मतामागे कारणं होती आणि त्यातली काही मला आजही रास्त वाटतात. फेसाची अडीचशे मिलीची बाटली आणि साध्या हँडवॉशचं पाऊण लिटरचं रिफिल, या दोन्हींची किंमत दुकानात बरेचदा शंभर रुपयांच्या आसपास असते. तीच रक्कम आणि माल एक तृतीयांश. बाटली हलवून बघितली की आतलं द्रव पाण्यासारखं डचमळतं. ताकावर फेस आला म्हणून ताक वाढत नाही, असं मी म्हणायचे.

दुसरं कारण आमच्या गावाचं. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आमचं शहर. त्या उन्हाळ्याच्या आधीही इथे पाण्याची चैन नव्हतीच. भांडी धुतलेलं पाणी झाडांना आणि कपड्यांचं पाणी संडासाला, ही शिस्त घरोघरी होती. साबणाचंही तेच. वडी झिजून पातळ झाली की तो तुकडा नव्या वडीला ओला असतानाच दाबून चिकटवायचा. साबणदाणीला भोकं हवीत, तिच्यात पाणी साचता कामा नये. दुपारी मोरीच्या कठड्यावर वडी राहिली तर कावळा उचलून नेतो, म्हणून ती आत ठेवायची. अशा घरात वाढलेल्या बाईला बटण दाबून फेस काढणं म्हणजे उधळपट्टी वाटली, तर त्यात नवल नाही.

तिसरं कारण होतं समजुतीचं. घट्ट साबण म्हणजे कसदार आणि पातळ साबण म्हणजे पाणी घातलेला, हे मला स्वयंसिद्ध वाटत होतं. दुधाबद्दल, वरणाबद्दल जे खरं, ते साबणाबद्दलही खरं असणार, असं मी धरून चालले होते.

फेसाची पहिली बाटली घरात आली ती सासूबाईंमुळे. संधिवाताने त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते. ओली वडी हातातून निसटायची आणि ती उचलायला मोरीत वाकणं त्यांना जमत नव्हतं. साध्या पंपाचा हँडवॉशही सोयीचा नव्हता. तो घट्ट गोळा तळव्यावर पडला की फेस येईपर्यंत हात चोळावे लागतात, आणि सुजलेल्या बोटांना नेमकं तेच दुखतं. अर्धा साबण चोळण्याआधीच घरंगळून बेसिनमध्ये जायचा. ह्यांनी फेसाची बाटली आणली. आईंसाठी आणली म्हणून मी काही बोलले नाही. पण ही एकच, पुन्हा नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

मग रोज जे दिसत होतं त्याकडे दुर्लक्ष करणं कठीण झालं. फेस तळव्यावर टिकून राहत होता. आई जेवणाआधी कुणालाही हाक न मारता स्वतः हात धुऊन येत होत्या. आधी त्या नुसती बोटं पाण्याखाली धरून यायच्या, हे मला ठाऊक होतं. दुखत असताना त्यांना त्याबद्दल टोकायचा धीर मला झाला नव्हता. धाकट्या मुलाचंही तसंच. वडीला तो हात लावल्यासारखं करून पळायचा. फेस मिळाल्यावर बोटांच्या फटीत, मनगटापर्यंत चोळत बसायला लागला. माणसं साबणाला टाळत होती ती आळसाने, असं मी समजत होते. त्यांना तो साबण वापरायला अवघड जात होता, हे तेव्हा ध्यानात आलं.

बाटली संपली आणि पुन्हा पैसे मोजायची वेळ आली, तेव्हा मी दोन्ही वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचली. घटक छापताना ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, असा क्रम असतो. दोन्हींवर पहिलं नाव पाण्याचं होतं. त्यानंतर दोन्हीकडे सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे मळ आणि तेल सोडवणारा मुख्य घटक. साध्या, घट्ट हँडवॉशच्या यादीत पुढे सोडियम क्लोराइड होतं. सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ. या प्रकारच्या साबणाच्या द्रावणात थोडं मीठ घातलं की त्यातल्या साबणाच्या कणांचे सूक्ष्म पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात आणि द्रव दाट होतं. साबण तेवढाच राहतो, दाटपणा वाढतो. ज्या घट्टपणाला मी कस समजत होते, तो बराचसा मिठाचा होता. माझ्या जुन्या मताचा मोठा खांब तिथेच पडला.

तरी एक शंका उरतेच. पाणी मिसळलेला साबण हात खरंच स्वच्छ करतो का? याचं उत्तर मला आपल्या शेजारच्या बांगलादेशात सापडलं. ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संशोधनसंस्था अतिसारावरच्या कामासाठी जगभर ओळखली जाते. वडी विकत घेणं आणि ती सार्वजनिक नळापाशी टिकवणं गरीब वस्त्यांना परवडत नाही, म्हणून तिथल्या संशोधकांनी साबणपाण्याची बाटली पुढे आणली. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर मिसळायची आणि झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरून नळापाशी टांगायची. हे साबणपाणी हातावरचे जंतू काढण्यात वडीच्या साबणाइतकंच उपयोगी ठरतं का, याची प्रत्यक्ष वस्तीत चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष साबणपाण्याच्या बाजूने होते. पन्नास भाग पाण्यात एक भाग पावडर, इतकं पातळ द्रावण जर काम करत असेल, तर फेसाच्या बाटलीत घरी भरता येणाऱ्या, चार भाग पाण्यात एक भाग हँडवॉश या मिश्रणाला कमजोर म्हणायचा मला अधिकार उरला नाही. घरी कपड्यांची पावडर वापरा असं मी सुचवत नाही, रोजच्या वापराने कातडी कोरडी पडते. पातळ साबणाबद्दलची भीती मात्र या एका चाचणीने गेली.

साबणाचं काम बघितलं तर यात आश्चर्य काहीच नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. हातावरचा तेलकट थर, त्यात अडकलेली घाण आणि जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. त्याला साबण थोडा पुरतो. लागतो तो वेळ, चोळणं आणि शेवटी पाण्याने खळखळून धुणं. किमान वीस सेकंद चोळा, हे करोनाच्या काळात सगळ्यांनी ऐकलं आहे. तळव्यावर ओतलेल्या घट्ट साबणातला बराचसा भाग कामाला लागण्याआधीच वाहून जातो. फेसाच्या पंपात एक छोटी कोठी असते. तिथे द्रव आणि हवा एकत्र येतात आणि बारीक जाळीतून ढकलले जातात, म्हणून बाहेर पडतो तो तयार फेस. हवा मिसळल्यामुळे थोडा साबण दोन्ही हातांवर सगळीकडे पोचतो. त्या हवेचे पैसे आपण देत नाही. आपण पैसे देतो ते दुकानातून आणलेल्या पाण्याचे, आणि पाणी घरी मिसळता येतं.

आता हिशेब. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार माणूस एकदा हात धुताना वडीचा सुमारे ०.३५ ग्रॅम साबण वापरतो आणि द्रव साबण मात्र सुमारे २.३ ग्रॅम. जवळपास सातपट. द्रव साबण महाग पडतो तो मुख्यतः यामुळे. एका दाबाला येतं तेवढं आपल्याला लागतच नाही. समजा पाऊण लिटरचं रिफिल शंभर रुपयांना मिळतं. म्हणजे मिलीला साधारण १३ पैसे आणि एका धुण्याला ३० पैसे. शंभर ग्रॅमची वडी चाळीस रुपयांना धरली तर एका धुण्याला १४ पैसे. फेसाची तयार बाटली शंभर रुपयांना अडीचशे मिली असेल, तर मिलीला ४० पैसे. फेसाचा पंप एका दाबात साधारण अर्धा ते एक मिली द्रव देतो, म्हणून दोन दाबांना दीड मिली धरू. एका धुण्याला ६० पैसे झाले. तेच साधं रिफिल एकास चार पाण्यात मिसळून फेसाच्या बाटलीत भरलं, तर दोन दाबांत साबण जातो ०.३ मिली. किंमत चार पैसे.

पाच माणसांचं घर आणि प्रत्येकाने दिवसातून सहा वेळा हात धुतले असं धरलं, तर वर्षाला १०,९५० वेळा हात धुतले जातात. तयार फेसावर ६,५७० रुपये, साध्या पंपावर ३,२८५, वडीवर सुमारे १,५३३ आणि घरी भरलेल्या फेसावर ४३८ रुपये. भाव तुमच्या दुकानाप्रमाणे घाला, आकडे हलतील, क्रम सहसा हलणार नाही. दहा रुपयांच्या छोट्या वड्या घेतल्या तर वडीचा आकडा आणखी खाली येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, द्रव साबण १८ टक्क्यांवरच राहिला. तरीही वडी मऊ होऊन विरघळते, पडते, हरवते. ती नासाडी धरली तर घरी भरलेला फेस तिच्यापेक्षा स्वस्त पडतो. हे मला स्वतःला पटायला वेळ लागला, कारण वडीहून स्वस्त काही असू शकतं ही कल्पनाच मी केली नव्हती.

म्हणजे माझं जुनं मत अर्धं टिकलं. फेसाची तयार बाटली पुन्हा पुन्हा विकत घेणं ही सगळ्यात महाग रीत आहे आणि त्याबद्दल मी आजही दुकानात बोलते. पण बाटली एकदाच घ्यायची आणि आतला साबण घरी बनवायचा, यासारखी काटकसर दुसरी नाही. पाणी विकण्यापेक्षा ते घरी घालू द्यावं, हे कंपन्यांनाही सुचलेलं आहे. गोदरेजने २०१८ साली पुडीतल्या पावडरपासून घरीच पाणी घालून हँडवॉश करायचा प्रकार बाजारात आणला, तो याच विचारातून. पाण्याची ने-आण टळली की वाहतूक, प्लास्टिक आणि किंमत तिन्ही कमी होतात.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट जमेला धरावी लागते, ती म्हणजे पाणी. लातूर परिसरातल्या बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी वडीचा साबण संयोग पावतो आणि त्याचा चिकट, पांढुरका साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. त्यामुळे वडी चोळत राहावी लागते आणि फेस येत नाही. हँडवॉशमधल्या लॉरेथ सल्फेटला जड पाण्याचा एवढा त्रास होत नाही. फेस आधीच तयार असतो, म्हणून नळ सुरू ठेवून चोळत बसायचं कारण उरत नाही. मिनिटाला सहा लिटरच्या धारेने वाहणारा नळ वीस सेकंदांत दोन लिटर पाणी घालवतो. टँकरचे पैसे मोजणाऱ्या घराला साबणाच्या चार पैशांपेक्षा हे दोन लिटर जास्त महत्त्वाचे आहेत. हात ओले करून नळ बंद, फेस घेऊन नीट चोळणं आणि मग एक तांब्या पाणी. एवढ्यात काम होतं.

कृती सोपी आहे, पण तिच्यात शिस्त लागते. साबणाला टिकवणारी द्रव्यं कारखान्यात त्या घट्टपणाच्या हिशेबाने घातलेली असतात. आपण पाणी घातलं की तीही पातळ होतात आणि द्रावणात जंतू वाढू शकतात. म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्यावं, किंवा फिल्टरचं. उकळल्यावर जड पाण्यातले काही क्षार तळाला बसतात, तेव्हा वरचं पाणी तेवढं गाळून घ्यावं. नाहीतर पंपाची जाळी तुंबते. बाटलीत आधी पाणी घालावं आणि मग साबण, उलट केलं तर भरतानाच फेस होतो. जोरात हलवू नये, हळूहळू तिरकी करत मिसळावं. पंपाच्या कोठीला जागा लागते, म्हणून गळ्यापर्यंत भरू नये. एकास चारने फेस विरळ वाटला तर एकास तीन करावं. मटणाच्या जेवणानंतर आमच्याकडे तेच लागतं. दोन आठवड्यांत संपेल एवढंच बनवावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्धी संपलेली बाटली वरून भरू नये. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने दवाखान्यांसाठी हीच सूचना २००२ पासून दिलेली आहे, कारण तळाशी राहिलेल्या जुन्या साबणात वाढलेले जंतू नव्या साबणात उतरतात. बाटली पूर्ण संपू द्यावी, पंपासकट गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि मगच भरावी. कणीदार स्क्रब, तेलकट बॉडीवॉश किंवा रिठ्याचं पाणी फेसाच्या बाटलीत घालू नये. रिठ्याला फेस छान येतो, पण ते लवकर आंबतं आणि त्यातला चोथा जाळीत बसतो. घरात कुणाला मोठा आजार असेल, प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर हा घरगुती उद्योग बाजूला ठेवून बंद बाटलीच घ्यावी. तिथे पैसे वाचवायचे नसतात.

निवड करताना मी आता तीन गोष्टी बघते. पाकिटावर प्रति मिली किंमत छापलेली असते, ती वाचते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही. रंग आणि वास जितका कमी तितका बरा, कारण पाच माणसांच्या कातड्या पाच तऱ्हेच्या. आणि जंतुनाशक असल्याच्या दाव्यासाठी जादा पैसे देत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर माझं मत पूर्वीही हेच होतं, आता त्याला आधार मिळाला. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे साबण देऊन हात धुण्याची सवय लावली त्या घरांमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया निम्म्याने कमी झाला. जुलाबही निम्म्यावर आले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक आढळला नाही. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ घटकांना घरगुती जंतुनाशक साबणांतून बंदी केली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही.

वडीबद्दलही एक अन्याय दूर करायला हवा. एकाच वडीला सगळे हात लावतात म्हणून ती घाण, असं हल्ली मुलं म्हणतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जंतू लावून लोकांना हात धुवायला दिले होते. धुतलेल्या हातांवर ते जंतू आढळले नाहीत. तेव्हा ज्या घरात वडी नीट वापरली जाते, सगळ्यांच्या हाताला पेलते आणि पाणी मऊ आहे, त्यांनी वडी सोडायचं कारण नाही. आंघोळीला आमच्याकडेही वडीच आहे.

कराचीचा तो अभ्यास वाचल्यापासून मात्र मला काटकसरीचा माझा जुना अर्थ अपुरा वाटतो. मी साबण वाचवत होते आणि त्या नादात घरातली दोन माणसं हात नीट धुतच नव्हती. तुकड्याला तुकडा चिकटवून वर्षाकाठी जे वाचलं असेल, ते मुलाच्या एका जुलाबाच्या औषधात जातं. बचत करायचीच तर ती मापात करावी, म्हणजे एका दाबाला किती साबण येतो आणि त्यासाठी किती पैसे मोजले यात. धुण्याच्या वेळेत ती करू नये. फेसाच्या पंपाने हे माप माझ्या हातून काढून घेतलं. आता कुणाला साबण जपून वापर म्हणावं लागत नाही.

म्हणून भिशीतल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी त्यांना माझं जुनं मतही सांगते आणि नवंही. फेसाची बाटली एकदाच घ्या, चांगल्या पंपाची घ्या. तिची जाळी आणि स्प्रिंग टिकेल तोवर ती फेकू नका. भरायला साधं, कमी वासाचं रिफिल आणा. आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर किमतीच्याही आधी त्यांच्या हाताला काय सोपं जातं ते बघा.